पान वाचणाऱ्याचे : पोथीपासून संकेतस्थळापर्यंत



आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्या माणसाने स्मृतिव्याख्यानात संतांवर बोलावे, पंतकवींवर बोलावे, फार तर नाट्यसंगीताकडे वळावे, अशी आपल्याकडे रीत आहे. मी आज संकेतस्थळाच्या पानाची मांडणी कशी असावी आणि ती तशीच का असावी, ह्याचा इतिहास सांगणार आहे. त्याला निमित्त घडले. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेचे संकेतस्थळ उभारण्याचे मनावर घेतले आणि त्यातील मराठी मजकूर तपासण्याचे काम माझ्याकडे आले. ऱ्हस्वदीर्घ पाहता पाहता ध्यानात आले की खरा प्रश्न शुद्धलेखनाच्या पलीकडचा आहे. हे पान उघडणारा माणूस कोण? तो कशासाठी आला आहे? आणि जे हवे ते न मिळता तो परत गेला, तर दोष कोणाचा?

पानाची मांडणी म्हणजे सजावट, असा समज सर्वत्र आढळतो. इतिहास निराळे सांगतो. शब्दांमधली मोकळी जागा, पृष्ठांक, अनुक्रमणिका, परिच्छेद, विरामचिन्हे ह्यांतील प्रत्येक गोष्ट कोणीतरी वाचकाची अडचण ओळखून पानावर आणली आहे. संकेतस्थळाच्या चांगल्या मांडणीचे नियमही असेच अडचणीतून जन्मले. ते पाठ करण्यापेक्षा त्यांची कुळकथा समजून घेतली तर अधिक उपयोग होईल, अशी माझी धारणा आहे.

१

जुन्या पोथीचे पान डोळ्यांपुढे आणावे. आडवे, सुटे, दोन्ही बाजूंना समास सोडलेले. अक्षर टपोरे, परंतु शब्द आणि शब्द ह्यांच्यामध्ये जागा नाही. शिरोरेघ ह्या समासापासून त्या समासापर्यंत अखंड धावते. ओवी संपली हे दंडावरून कळावयाचे, अध्याय संपला हे ‘इति’वरून. वाचकाची सोय पाहिलेली नव्हती असे मात्र नाही. दंड आणि आकडे गेरूने रंगवीत. चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावीत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तेथलाच. पानाचा क्रमांक समासात घालीत, म्हणजे पोथी विस्कटली तरी पुन्हा लावता येई.

ही सारी मांडणी एका गृहीतावर उभी होती. वाचणाऱ्याला ग्रंथ ओळखीचा आहे, तो मोठ्याने वाचतो आहे आणि ऐकणारे समोर बसले आहेत, हे ते गृहीत. कोणी अनोळखी मनुष्य येईल, एवढीशी माहिती शोधील आणि निघून जाईल, ह्याची पोथीला कल्पना करावी लागली नाही. छापील पुस्तकाला ती करावी लागली, कारण छापील प्रत कोणाच्या हाती पडेल हे छापणाऱ्यालाही ठाऊक नसते.

मराठीच्या बाबतीत हा बदल एका विलक्षण अडचणीने सुरू झाला. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ साली आले. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला छापले गेले. पण ते छापले गेले रोमन लिपीत. असे का झाले ह्याचा उलगडा त्यांच्या १६०८ सालच्या पत्रातून होतो. देशी लिपीत ग्रंथ छापावेत अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. परंतु युरोपात चोवीस साच्यांवर भागते तेथे इकडे सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील, हे त्यांना अशक्यप्राय वाटले. अ. का. प्रियोळकर ह्यांनी भारतीय मुद्रणाच्या इतिहासावरील आपल्या १९५८ सालच्या इंग्रजी ग्रंथात हा पत्रव्यवहार अभ्यासकांपुढे ठेवला. नवे यंत्र आले, मराठी भाषा त्यावर चढली, पण मराठी लिपी दाराबाहेर राहिली. हा प्रसंग आपण लक्षात ठेवू या. पुढे तो पुन्हा लागणार आहे.

त्यानंतर जवळजवळ दोन शतकांनी, १८०५ साली, श्रीरामपूरला विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. पंचांग हे मांडणीचे उत्तम उदाहरण आहे. ते कोणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचीत नाही. आजची तिथी, आजचे नक्षत्र पाहिले की काम झाले. रकाने आणि ओळी आखलेल्या असल्यामुळेच ते शक्य होते. पाहणारा क्षणभरासाठी येतो, हे पंचांगकर्त्याने जाणले होते.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. त्याच्या पानावर दोन स्तंभ होते, एकात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी. एकाच पानावर दोन प्रकारचे वाचक येणार हे ओळखून प्रत्येकाला त्याची जागा दिलेली होती, आणि एकाला दुसऱ्याच्या मागे उभे राहावे लागत नव्हते. पुढे मेजर कँडीच्या प्रयत्नांनी मराठीत विरामचिन्हे रुळली आणि मनात वाचणाऱ्याला श्वास कोठे घ्यावा हे कळू लागले. १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. तेथील राणोजी रावजी आरूंनी घडविलेल्या अक्षराची ख्याती देशभर झाली. निर्णयसागरी पान पाहताना अक्षर सुंदर आहे हे मागाहून लक्षात येते. आधी अर्थ लक्षात येतो. चांगल्या मांडणीची ह्याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही.

२

पानाइतकेच महत्त्व पानापर्यंत जाणाऱ्या वाटेला आहे, आणि त्याचे एक उदाहरण आपल्या वडोदऱ्यातच आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली तालुक्यात केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर नेला. शिकलेल्या माणसाला वाचायला काही मिळाले नाही तर शिक्षण टिकणार नाही, ही त्यांची पुढची चिंता. म्हणून १९१० साली विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल वडोदऱ्याला आले. मध्यवर्ती ग्रंथालय, पुस्तकांचे वर्गीकरण, ग्रंथपालांचे शिक्षण, गावोगावची वाचनालये अशी व्यवस्था त्या काळात आकाराला आली. ज्या गावात वाचनालय नव्हते तेथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये जात. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतीत पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. वरचा उजेड खालच्या कपाटापर्यंत पोहोचावा, हा त्यातला हेतू.

ह्या व्यवस्थेतून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. वस्तू कोठे आहे हे परक्यालाही कळले पाहिजे, त्यासाठी वर्गीकरण. ती दिसली पाहिजे, त्यासाठी उजेड. आणि ज्याला येता येत नाही त्याच्यापर्यंत ती गेली पाहिजे, त्यासाठी पेट्या. संकेतस्थळांच्या मांडणीवर आज जे ग्रंथ लिहिले जातात त्यांचा सारांश ह्याहून फारसा निराळा नसतो.

३

आता संकेतस्थळाकडे वळू. जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या अणुविज्ञान संशोधनसंस्थेत मार्च १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली ह्या तरुण इंग्रज संगणकतज्ज्ञाने एक प्रस्ताव आपल्या वरिष्ठांपुढे ठेवला. तेथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ येत, दोन वर्षे राहत आणि निघून जात. त्यांची माहिती निरनिराळ्या, परस्परांशी न बोलणाऱ्या संगणकांत अडकून राही. ती दुव्यांनी जोडावी, एवढीच सूचना होती. कल्पना धूसर आहे पण उत्साह वाटावा अशी आहे, अशा अर्थाचा शेरा वरिष्ठांनी त्यावर मारला. १९९० च्या अखेरीस पहिले पान तयार झाले आणि ऑगस्ट १९९१ मध्ये बर्नर्स-ली ह्यांनी ही गोष्ट जगजाहीर केली.

ते पहिले पान अगदी साधे होते. मथळा, काही परिच्छेद, आणि दुवे. हा प्रकल्प काय आहे, अधिक माहिती कोठे मिळेल, त्यात भाग कसा घ्यावा, ह्या प्रश्नांची उत्तरे त्यावर होती. त्याच्या रचनेतील एक तत्त्व मोलाचे आहे. एचटीएमएल ह्या खुणांच्या भाषेत लेखक फक्त इतकेच सांगतो की हा मथळा आहे, हा परिच्छेद आहे, ही यादी आहे. ते कसे दिसावे हे वाचकाच्या यंत्रावर सोपविलेले असते. निकोला पेलो ह्या विद्यार्थिनीने लिहिलेला साधा ब्राउझर कोणत्याही अक्षरी पडद्यावर चालत असे. ज्याच्याजवळ महागडे यंत्र नाही त्यालाही आत येता यावे, हा विचार पहिल्या दिवसापासून होता.

आणि ह्या नव्या साधनाने सर्नमधल्या लोकांना जिंकले ते कशाने? संस्थेच्या दूरध्वनी-यादीने! कोणाचा क्रमांक काय, हे चटकन मिळू लागले, म्हणून लोक तिकडे वळले. माणसे संकेतस्थळावर बहुधा लहानशा कामासाठी येतात, हा धडा तेथेच मिळाला होता. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले.

त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना ह्यांनी मोझेक हा ब्राउझर तयार केला. त्यात मजकुराच्या ओघातच चित्र दिसू लागले आणि बाजारपेठेचे लक्ष ह्या माध्यमाकडे गेले. पुढची पाच-सहा वर्षे म्हणजे हौसेचा काळ. लुकलुकणारी अक्षरे, पडद्यावरून सरकणाऱ्या पट्ट्या, नक्षीदार पार्श्वभूमी, चौकटीत चौकट. आकडे मांडण्यासाठी असलेली कोष्टके पान सजविण्यासाठी वापरली जाऊ लागली. त्या काळच्या २८.८ किलोबिट वेगाच्या मोडेमवर १०० किलोबाइटचे एक चित्र उतरायला जवळजवळ अर्धे मिनिट लागे. यजमान आपल्या दिवाणखान्याची रोषणाई करीत होता आणि पाहुणा दाराशी ताटकळत होता.

४

ह्या हौसेला तीन दिशांनी आवर घातला गेला.

पहिली दिशा तंत्राची. हाकोन विउम ली ह्या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने १९९४ साली सुचविले की मजकूर आणि त्याचे रूप ह्यांची फारकत करावी. बर्ट बॉस ह्यांच्या साहाय्याने त्यातून सीएसएस ही पद्धत घडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिला मान्यता मिळाली. मजकूर एका ठिकाणी, वेषभूषा दुसऱ्या ठिकाणी. त्यामुळे एकच मजकूर मोठ्या पडद्यावर, छोट्या पडद्यावर आणि कागदावर वेगवेगळ्या रूपात उभा राहू शकतो. २०१० साली ईथन मार्कोट ह्यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे स्वतःला जुळवून घेणाऱ्या मांडणीची कल्पना मांडली, ती ह्याच पायावर. आज वाचक बहुतेक वेळा हातातल्या फोनवरूनच येतो, म्हणून ती सर्वत्र रूढ झाली आहे.

दुसरी दिशा निरीक्षणाची. याकोब नील्सन ह्या डॅनिश अभ्यासकाने वाचकांना समोर बसवून ते काय करतात हे पाहिले. १९९७ सालच्या त्यांच्या पाहणीत १०० पैकी ७९ जण नवे पान नुसते नजरेखालून घालीत होते. शब्दन्‌शब्द वाचणारे फक्त १६ निघाले. त्यांनी काळाच्या तीन मर्यादा लोकांपुढे ठेवल्या. दशांश १ सेकंदात उत्तर आले तर ते तत्काळ वाटते. १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. १० सेकंदांनंतर लक्ष उडते. ह्या मर्यादांचे मूळ १९६८ सालच्या संशोधनात आहे. यंत्रे कितीही वेगवान झाली तरी हे आकडे बदललेले नाहीत, कारण ते माणसाच्या चित्ताचे आहेत. नील्सन ह्यांनी १९९६ साली मांडणीतील दहा ठळक चुकांची यादी केली. सरकती अक्षरे, जुनी झालेली माहिती, मुखपृष्ठाकडे परतीची वाट नसलेली पोरकी पाने, दुव्यांचे नेहमीचे रंग बदलणे आणि उघडण्यास लागणारा विलंब ही त्यांतील काही. त्यांतली निम्मी आजही जागोजागी आढळतात.

तिसरी दिशा न्यायाची. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याच्या हातांना कंप आहे, त्यानेही ह्या पानापर्यंत का पोहोचू नये? मे १९९९ मध्ये ह्यासाठी पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि डिसेंबर २००८ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. प्रत्येक अर्थपूर्ण चित्रासोबत त्याचे वर्णन शब्दांत द्यावे, म्हणजे अंधांसाठी पान वाचून दाखविणारी प्रणाली ते बोलू शकेल. साध्या मजकुराचे अक्षर आणि पार्श्वभूमी ह्यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे. केवळ रंगावरून अर्थ सांगू नये. माउस न वापरता, कळफलकावरूनही सर्वत्र फिरता यावे. माझ्या वयाच्या श्रोत्यांना ह्यात परोपकार दिसणार नाही. फिक्या राखाडी अक्षरांशी झटापट करणारे आपणच आहोत.

५

आता मराठीची गोष्ट. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. त्याआधी, १९९१ साली, भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण निश्चित झाले होते आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा होती. म्हणजे कागदावर सोय होती. परंतु लोकांच्या यंत्रांत ती उतरली नव्हती. मराठी वृत्तपत्रांनी आणि हौशी मंडळींनी मग दुसरा मार्ग काढला. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेले खास फाँट तयार झाले. वाचकाने तो फाँट उतरवून घेतला की पान मराठी दिसे. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरेच असत.

आता राचोलचा तो प्रसंग आठवा. १६१६ साली बाहेर रोमन होती आणि आत मराठी. १९९६ च्या सुमारास बाहेर मराठी होती आणि आत रोमन! यंत्र बदलले, अडचण तीच राहिली. मधल्या काळातही हा झगडा चालूच होता. खिळ्यांची संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनी खटपट केली. सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली आणि ‘किर्लोस्कर’ मासिकाने ती कित्येक वर्षे वापरली. ह्या प्रयत्नांमागची तळमळ खरी होती. परंतु त्या प्रत्येकात यंत्रासाठी लिपीला वाकावे लागत होते. युनिकोडने प्रथमच यंत्राला लिपी शिकविली. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट र. कृ. जोशी ह्यांनी घडविलेला होता. कवी आणि अक्षरकार असलेल्या एका मराठी माणसाचे अक्षर त्यामुळे घरोघरच्या पडद्यावर गेले.

तरीही काम एका दिवसात संपले नाही. ‘बँक’ लिहिता येई, पण ‘ॲप’मधल्या ॲ-ला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. ‘ऱ्या’ आणि ‘र्या’ हा भेद हिंदीला लागत नाही, मराठीचे त्याविना चालत नाही. मुख्याध्यापकांच्या सत्काराच्या बातमीत ‘आचार्यांना शाल दिली’ ह्याऐवजी ‘आचाऱ्यांना शाल दिली’ असे उमटले तर शाल स्वयंपाकघरात जाईल.

ह्या स्थित्यंतराची किंमत आपण मोजली आहे. माझ्या संग्रहात २००१ च्या सुमारास एका नियतकालिकाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले दहा-बारा लेख आहेत. त्याचा फाँट आज कोठेही मिळत नाही. फाइल उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे ह्यांची खिचडी दिसते. लेख नष्ट झालेले नाहीत, आणि वाचताही येत नाहीत. रूपांतराची साधने काही फाँटसाठी आहेत, काहींसाठी नाहीत. त्या दहा वर्षांत संकेतस्थळांवर आलेल्या मराठीचा मोठा भाग असाच मुका झाला. कोणत्याही शोधयंत्राला तो सापडत नाही, कारण शोधणारा मराठी शब्द टंकित करतो आणि तेथे मराठी शब्द नाहीच. तीन-चारशे वर्षांपूर्वीची पोथी आपण वाचू शकतो आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा लेख वाचू शकत नाही, हे कटू आहे, पण खरे आहे.

६

आता आपल्या शाळेच्या पानाकडे येतो. वरच्या इतिहासातून जे निष्पन्न होते तेवढेच सांगतो.

मजकूर हा मजकूर म्हणूनच ठेवावा. सुंदर अक्षरात निमंत्रणपत्रिका करून तिचे चित्र चढविण्याचा मोह अनेकांना होतो. ते चित्र अंधाला ऐकू येत नाही, शोधयंत्राला सापडत नाही, फोनवर अक्षर मोठे करता येत नाही आणि उघडायला वेळ घेते. माझे हे सबंध व्याख्यान युनिकोड अक्षरांत ५०-६० किलोबाइटमध्ये मावेल. त्याच्या पानांची छायाचित्रे घेतली तर त्याच्या अनेक पटींनी भार होईल. जुन्या वार्षिकांकांची छायाचित्रे अवश्य ठेवावीत; मात्र प्रत्येकासोबत निदान अनुक्रमणिका तरी टंकित करून द्यावी. आणि पानाची भाषा मराठी आहे अशी खूण पानाच्या पोटात न विसरता करावी, नाहीतर वाचून दाखविणारी प्रणाली मराठीवर हिंदीचे किंवा इंग्रजीचे उच्चार लादील.

मुखपृष्ठावर कोण येतो, ह्याचा विचार प्रथम करावा. बालकाच्या प्रवेशासाठी विचारणारे पालक, दाखल्याची प्रत मागणारा विद्यार्थी, स्नेहसंमेलनाची तारीख शोधणारी परगावची माजी विद्यार्थिनी. ह्या तिघांचे उत्तर पहिल्या पडद्यावरच दिसले पाहिजे. संस्थेचा इतिहास आणि पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे त्यानंतर. शाळेचा पत्ता, कचेरीची वेळ आणि दूरध्वनी प्रत्येक पानाच्या तळाशी असावा. सर्नची दूरध्वनी-यादी आठवावी. त्याचप्रमाणे प्रत्येक पानावरून मुखपृष्ठाकडे परत जाण्याचा दुवा हवा, म्हणजे कोणतेही पान पोरके राहणार नाही.

दुव्याचे शब्द स्वतः बोलले पाहिजेत. ‘येथे टिचकी मारा’ ह्यातून काहीच कळत नाही. ‘प्रवेश-अर्ज’, ‘स्नेहसंमेलनाची नोंदणी’ ह्यातून कळते. दुवा अधोरेखित असावा, आणि जे दुवा नाही ते अधोरेखित नसावे.

देवनागरीची प्रकृती सांभाळावी. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षर. म्हणून दोन ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा अधिक हवे आणि अक्षराचे मापही थोडे मोठे हवे. इंग्रजी मथळ्यात अक्षरे विरळ करण्याची पद्धत आहे. ती देवनागरीला लावली की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचा कणाच मोडतो. तिरके अक्षर आपल्या लिपीला मानवत नाही. ठसठशीत अक्षराने किंवा मापाने काम भागवावे. ओळ फार लांब नसावी, परिच्छेद आटोपशीर असावेत आणि मथळ्यांनी मजकुराचे भाग पाडावेत, कारण बहुतेक जण आधी नजर फिरवितात आणि मग वाचतात.

वडोदऱ्यात मराठी शाळेच्या दारी गुजराती पालकही येतात, आणि परदेशी वाढलेली आपली नातवंडे इंग्रजी वाचतात. तिन्ही भाषांची सोय करावी. प्रत्येक भाषेचे नाव त्या त्या भाषेच्याच लिपीत लिहावे, म्हणजे ज्याला ती हवी त्याला ते ओळखता येईल. बाळशास्त्र्यांनी १८३२ साली केले ते आपणास आज अवघड नाही. मात्र मराठी पानावर चार ओळी आणि इंग्रजी पानावर चाळीस, असे होऊ देऊ नये.

प्रत्येक सूचनेवर तारीख घालावी आणि वर्षातून दोनदा सर्व पाने वाचून जे जुने झाले ते काढावे किंवा इतिहासाच्या दालनात हलवावे. होऊन गेलेल्या संमेलनाचे निमंत्रण मुखपृष्ठावर दिसले की शाळाच बंद पडली असे परक्याला वाटते.

शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आहे. पान जाहीर करण्यापूर्वी एखाद्या सत्तरीच्या माजी विद्यार्थिनीला आणि एखाद्या दहावीच्या मुलाला साधा फोन देऊन समोर बसवावे. ‘संमेलनाची तारीख शोधा’ एवढेच सांगावे आणि आपण गप्प राहावे. ते जेथे अडखळतील तेथे दुरुस्ती करावी. ‘तुम्हांला कळत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार मांडणी करणाऱ्याला नाही.

७

महाराष्ट्राबाहेर रुजलेल्या आपल्यासारख्या मराठी समाजात ह्या गोष्टीला आणखी एक अर्थ आहे. पुण्यातल्या शाळेचे संकेतस्थळ बिघडले तर शेजारच्या दुकानदाराला विचारून काम होते. आपली मुले दूरदूर पांगली आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांसाठी शाळेचे पान हाच शाळेचा दरवाजा आहे आणि काहींसाठी तर मराठी वाचण्याचे उरलेले एकमेव निमित्त. ते पान उघडले नाही, वाचता आले नाही, तर ते तक्रार करणार नाहीत. ते नुसते परत जातील, आणि आपल्याला कळणारही नाही.

ज्या गुरुवर्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांची फळ्यावर लिहिण्याची पद्धत जुन्या विद्यार्थ्यांनी मला सांगितली आहे. दोन ओळी लिहून झाल्या की ते वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत चालत जात, तेथून फळा पाहत, आणि अक्षर बारीक वाटले तर परत येऊन पुसून मोठे लिहीत. संकेतस्थळाच्या मांडणीविषयी मी एवढा वेळ जे बोललो ते सारे ह्या एका सवयीत आहे. शाळेचे नवे पान तयार करणाऱ्या तरुण मित्रांनी ती सवय लावून घ्यावी, एवढी विनंती आहे.